डब्यातला आवाज

माझी बायको जाऊन चौदा महिने झाले. त्यातले पहिले पाच महिने ती बाजारात रोज बोलत होती. दिवसातून शंभरदा, दोनशेदा. ते मी बंद पाडलं. मी चौथी शिकलेला माणूस. अर्धा जन्म होडीवर गेला, गुडघा गेल्यावर किनाऱ्याला लागलो, बर्फाच्या गोदामात कामाला. शुद्धलेखन लेकीने सुधारलंय, शब्द माझे आहेत. तिला शिव्या कापायच्या होत्या. कापू दिल्या.

बायको अंधेरीच्या बाजारात सुकं विकायची. जवळा, करंदी, सोडे, बोंबील. आधी त्या जागेवर तिची आई बसायची, मग ही बसली. शेजारी तिच्याच वयाची बाई, ती ओल्या मासळीची. ओल्याचं पाणी वाहत सुक्याच्या गोणीकडे यायचं, म्हणून दोघींचं तीस वर्षं भांडण. एकमेकींचा उद्धार करायच्या, आणि दुपारी एकीचं कालवण दुसरीच्या ताटात. ते मला कधी कळलं नाही, आणि मी कळून घेतलंही नाही.

तिथे एक दिवस ती कंपनी आली. कंपनी म्हणजे एक चष्मेवाला पोरगा आणि एक कॅमेरावाली पोरगी. पोरगा कंपनीचा मालक, वय असेल सत्तावीस. नाकाला रुमाल लावून मासळी बाजारात धंदा करायला आलेला. त्याच्या घरी अंडंही चालत नाही, हे त्यानेच सांगितलं. मी तेव्हा बर्फाची पाटी घेऊन आलो होतो, म्हणून सगळं ऐकलं.

तो म्हणाला, "मावशी, आम्ही एक नाणं काढलंय. मोबाईलमधलं. एक नाणं म्हणजे एक रुपया. कायम. बाकीची मोबाईलवरची नाणी उड्या मारतात, आज शंभर, उद्या दहा. आमचं तसं नाही. आमचं रुपयाला बांधलेलं आहे."

"बांधलेलं म्हणजे? होडीसारखं?"

"हां, एकदम तसंच!"

"बांधलेली होडी पण भरतीला वर जाते रे. ओहोटीला खाली."

"आपलं नाही जाणार ना, मावशी. एक म्हणजे एकच."

"मग ती होडी नाय. धक्का हाय." आणि शेजारणीकडे बघून म्हणाली, "ऐकलंस गो? रुपयाचा रुपयाच देतोय. मग रुपयाने ह्याचं काय घोडं मारलंय?"

बाजार हसला. पोरगाही हसला, पण हसताना रुमाल सुटला आणि वासाने त्याचा चेहरा वाकडा झाला. मग बाजार परत हसला.

तो सांगत राहिला. प्रत्येक नाण्यामागे खरा एक रुपया बँकेत ठेवलाय म्हणे. परवानगीचं काम चालू आहे म्हणे. सध्या चाचणी आहे, संध्याकाळी नाण्यांचे रुपये करून तुमच्या खात्यात जमा होतील. आजूबाजूच्या टॉवरमधल्या लोकांना आम्ही नाणी फुकट वाटतोय, ते ती घेऊन तुमच्याकडेच येणार. मी मध्ये बोललो, "रुपया बँकेत हाय, मग मधे तू कोण?" त्याचं उत्तर त्याने इंग्रजीत दिलं.

बायकोने त्याला एकच विचारलं, "ज्याचा भाव हलत नाय, त्याचा धंदा कसा करतोस रे?" मी आजवर ह्या कंपनीबद्दल जे काही ऐकलं, त्यात एवढं शहाणपणाचं दुसरं काही ऐकलं नाही.

तरी ती तयार झाली. त्या पोरीमुळे. ती पोरगी उपड्या टोपलीवर तिच्याजवळ बसली, सुकटीची चटणी आणि भाकरी खाल्ली, नाकातोंडातून पाणी आलं तरी थांबली नाही. बायकोला खाणारं माणूस आवडायचं. शिवाय फुकटची नाणी घेऊन गिऱ्हाईक येतंय, तर का सोडा. आठवड्याभरात बाजारातल्या सगळ्या बायांकडे कंपनीचे डबे आले. पैसे आले की बोलतो तो छोटा डबा. साउंडबॉक्स. तोपर्यंत तो एका मशीनच्या बाईच्या आवाजात बोलायचा.

मग त्यांना जाहिरात करायची होती, आणि डब्याला खरा आवाज हवा होता. कोळणीचा. दोन्हीसाठी त्यांनी बायकोला धरलं. म्हणाले, साडी कोळी पद्धतीने नेसा, दागिने घाला, फुलं माळा. ती रोज साध्या साडीवर माझा जुना शर्ट घालून बसायची. सोनं अंगावर घालून सुकं विकायला बसली तर तिची आई वरून थुंकली असती. पण पैसे मिळणार होते आणि पोरीने हात धरला. नटली. दिसत चांगली होती. हे मी तिला सांगितलं नाही.

सकाळी सातला आले. पाच माणसं, दिवे, छत्र्या. एक भाड्याचं गिऱ्हाईक. त्याने मोबाईल दाखवायचा, हिने जवळा द्यायचा आणि हसून म्हणायचं, "झाली भवानी!"

तिथे ती अडली. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, सगळ्यांना ठाऊक आहे. ती रोख. ती हातात घ्यायची, कपाळाला लावायची, टोपलीला लावायची. ती उधार नाही, मोबाईलवर नाही. डबे आल्यापासूनही तिचा नेम तोच होता. पहिलं गिऱ्हाईक नोटेचं, मग दिवसभर काय पाहिजे ते.

"माझी भवानी अजून व्हायचीय," ती म्हणाली. "आधी कोणीतरी दहाची नोट देऊन वाटाभर जवळा घ्या. मग तुमचं नाटक करते."

पाचही जण खिसे चाचपायला लागले. एवढाले मोबाईल, आणि पाच जणांत मिळून दहा रुपये नाहीत. पैशाची कंपनी काढलेली माणसं! शेजारीण पोट धरून हसत होती. ती म्हणाली, "मी देते नोट." बायको म्हणाली, "तुझ्या हातची भवानी घेऊन दिवसभर माश्या मारू काय?" माझ्याकडे नोट होती, पण घरच्याची भवानी चालत नाही.

ऊन चढायला लागलं. कॅमेरावाला कुरकुरायला लागला. माझा चहा राहिला होता आणि गुडघा ठणकत होता. मी म्हणालो, "कर गं एकदाचं. काय आभाळ कोसळतंय काय!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग केलं. मोबाईलवर. त्या दिवशीची तिची पहिली विक्री ती.

आणि मग चाळीसदा केलं. चाळीसदा "झाली भवानी." पोरगा सांगत होता, "मावशी, थोडं स्माईल करून. आवाजात स्माईल पाहिजे." ती बोलायची दगड फोडल्यासारखी, तिला ते जमेना. शेवटी दमली, आवाज बसला, आणि बसलेल्या आवाजात ओढून, गोड असं काहीतरी आलं. पोरगा उडालाच. "हाच! हाच पाहिजे!"

पुढच्या सोमवारी बाजारातले सगळे डबे तिच्या आवाजात बोलायला लागले. गिऱ्हाईकाने मोबाईल लावला की, "झाली भवानी!" सकाळी सात असो की रात्री नऊ. पन्नासावं गिऱ्हाईक असलं तरी, "झाली भवानी!" बायको आधी लाजली, मग डब्याशी भांडायला लागली. "झाली गो बाय, कळलं, किती वेळा सांगशील?" शेजारीण म्हणायची, "एक होतीस तेव्हा डोकं खायचीस, आता वीस झाल्यास."

ते पाच-सहा महिने चाललं. पावसाळ्यात तिला ताप आला. आधी मलेरिया म्हणाले, मग लिव्हर म्हणाले. सतरा दिवस खाटेवर होती. अठराव्या दिवशी गेली.

भवानी मोडली म्हणून माणूस मरत नाही. मला कळतं. चौथी शिकलोय, येडा नाही. डॉक्टरने कागदावर काय लिहिलंय ते लेकीने मला दोनदा वाचून दाखवलं. पण रात्री कूस बदलली की मला तो कागद आठवत नाही. मी बोललो ते आठवतं. "कर गं एकदाचं."

तेरावं झाल्यावर मालाचा प्रश्न आला. पावसाळ्यासाठी तिने गोणी भरून ठेवल्या होत्या. जवळा, बोंबील, सगळं. दमट हवेत पडून राहिलं तर बुरशी धरतं. लेक भांडुपला, तिची नोकरी आहे. म्हणून मीच जाऊन जागेवर बसलो. आमच्यात बाप्ये मासळी आणतात, विकायला बसत नाहीत. बाया हसल्या. हसू दे. मी तिच्या फळीवर बसलो, गोणीचं तोंड उघडलं, एक बाई आली, अर्धा किलो सुकट घेतली, मोबाईल लावला.

"झाली भवानी!"

माझ्या हातातलं माप पडलं. मी डबा उचलला आणि बोंबलाच्या गोणीत खोल कोंबला. पुढचं गिऱ्हाईक आलं. ती गोणीतून बोलली.

दुसऱ्या दिवशी मी माझा डबा कंपनीच्या माणसाला परत दिला. म्हटलं, माझ्याकडे रोखच. पण शेजारणीचा डबा होता. समोरचीचा होता. मागे कोंबडीवाल्याने घेतला होता, त्याचाही. तिकडे पापलेट विकलं की ही बोलायची, इकडे अंडी विकली की ही बोलायची. मी कानात कापूस घालून बसायला लागलो. गिऱ्हाईकाला वाटायचं बहिरा आहे, ते माझ्यावर ओरडायचं, मी गिऱ्हाईकावर.

मी लेकीला म्हणालो, हे बंद करायला सांगणार आहे. ती रडायला लागली. "बाबा, तेवढाच आवाज आहे आपल्याकडे तिचा. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत नुसता बँड ऐकू येतो. राहू द्या ना."

राहू दिला. चार महिने राहू दिला. मग एका सकाळी घरी चहा करताना ती मला हाक कशी मारायची ते आठवायला गेलो. "अहो" असं ती कधी म्हणाली नाही. तिशीत होतो तेव्हापासून "ए म्हाताऱ्या" म्हणायची, कुऱ्हाड घातल्यासारखं. ते आठवायला गेलो आणि "ए म्हाताऱ्या" आलं ते डब्यातल्या सुरात. ओढून. गोड. तशी ती मला उभ्या जन्मात बोलली नव्हती. मी परत आठवलं, परत तसंच. शिव्या आठवल्या, त्या पण गोड.

चहा उतू गेला. मी चप्पल घातली.

कंपनीचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर. खाली माझा फोटो काढला, शर्टाला कागद चिकटवला. वर गारठा. पोरगा आला, पाया पडला. पाया पडणाऱ्या मालकावर माझा विश्वास नाही.

मी म्हणालो, "माझ्या बायकोचा आवाज डब्यातनं काढ."

"काका, आय नो, आम्हाला पण खूप वाईट वाटलं. पण लोकांना तो आवाज खूप आवडतो. आमचा ट्रस्ट त्या आवाजावर आहे."

"ती मेली."

"म्हणूनच ना, काका. त्यांची आठवण राहते. आणि अॅग्रीमेंट आहे, मावशींनी सही केलीय. आवाज कायमचा कंपनीचा."

"कायमचा म्हणजे किती?"

"म्हणजे... कायमचा."

मी हात उचलणार होतो. पोरीने मध्ये पाणी आणलं. पोरगा घाबरून म्हणाला, "काका, असं करू, तुमच्या नावावर पाच हजार नाणी टाकतो. गुडविल म्हणून. आत्ता, दोन मिनिटांत." आणि मोबाईल काढलाच त्याने. बायकोचा आवाज विकत घ्यायला निघाला होता, तोही स्वतःच्याच नाण्यांनी.

मी उठलो. घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता परत गेलो. हातात गोणपाटाची पिशवी, त्यात दोन किलो सुके बोंबील आणि एक किलो जवळा. जरा दमट झालेला निवडून घेतला होता. खाली विचारलं, काय आहे? म्हटलं, साहेबांची ऑर्डर. वर जाऊन सोफ्यावर बसलो, गार वारा येतो त्या जाळीखाली, आणि पिशवीचं तोंड उघडून ठेवलं.

गार हवेची मशीन वास कुठे सोडत नाही. तोच तोच फिरवते. हे मला बर्फाच्या गोदामात कळलेलं. अर्ध्या तासात आतून माणसं बाहेर यायला लागली. कोणी म्हणे उंदीर मेलाय, कोणी म्हणे गटार. एक जण माझ्यासमोर उभा राहून फोनवर गटार साफ करणाऱ्याला बोलवत होता. पोरगा आला, रुमाल नाकाला. "काका, प्लीज. आज इन्व्हेस्टर येणारेत."

"येऊ दे. त्यांना पण देतो अर्धा किलो."

वॉचमनने मला उचललं नाही. तो रत्नागिरीकडचा, हसू दाबत होता. म्हणाला, "आजोबा, बोंबील कुठले हो? वास लय घरचा येतोय." त्याला मी जाताना चार दिले.

तिसऱ्या दिवशीही गेलो. जेवणाच्या सुट्टीनंतर पोरगी बाहेर आली. माझ्याशेजारी बसली. ती नाक धरत नव्हती. म्हणाली, "काका, बदलला आवाज. आत्ता. सगळ्या डब्यांवरून. तुम्ही म्हणाल तर मी तुम्हाला मावशींचं त्या शूटिंगच्या दिवशीचं..."

"नको," मी म्हणालो. काय देणार होती ते मी ऐकूनच घेतलं नाही. पिशवी बांधली आणि उठलो. जिंकलो होतो. लिफ्टमध्ये माझ्याभोवती रिकामी जागा होती, कोणी जवळ येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेलो. शेजारणीने पहिलं गिऱ्हाईक केलं, मोबाईलचं. डबा बोलला. कुठल्यातरी बाईचा शाळेतल्या बाईंसारखा आवाज: "आपली रक्कम प्राप्त झाली आहे."

शेजारीण डब्याकडे बघत राहिली. तिने तो उचलला, हलवला, कानाला लावला. मग समोरचीचा बोलला, तोही तसाच. समोरची ओरडली, "गो, हिला काय झालं?" अशी ओरडली, की जणू कोणी पडलंय.

मी सांगितलं. बोंबलांसकट सांगितलं. मला वाटलं हसतील.

शेजारीण उठली. तिच्या हातात कोयता होता, तो तिने खाली ठेवला, हे बरं केलं.

"तुला कोणी विचारलं होतं?"

"काय विचारायचंय? माझी बायको होती."

"तुझी रात्रीची होती रे. दिवसाची आमची होती. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत माझ्याशेजारी बसली तीस वर्षं. तुझ्याशी किती बोलली? होडीवर होतास तू. पंधरा-पंधरा दिवस तोंड दिसायचं नाही तुझं."

"ती असली बोलायची नाय. तो आवाज खोटा होता."

"मना काय सांगतोस खोटा? मना ठाऊक नाय? खोटा का होईना, सकाळी आले की बोलायची. मी तिला शिव्या घालायची. रोज. कोणीतरी होतं शिव्या घालायला."

मला सांगायचं होतं, की तो आवाज माझ्या डोक्यातला खरा आवाज खाऊन टाकत होता. मला हाकसुद्धा आठवेना. पण बाजारात उभं राहून, मासळीच्या पाण्यात पाय देऊन, दहा बायांसमोर असं कसं बोलणार? मी म्हणालो, "मेलेल्या बाईचं नवरा ठरवतो. तू कोण?"

हे बोलायला नको होतं.

ती खाली बसली आणि मासे कापायला लागली. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. नऊ महिने झाले. महिन्याभरात तिने कंपनीचा डबा परत केला, समोरचीने केला, एकेक करून सगळ्यांनी केले. टॉवरवाल्यांची फुकटची नाणी संपली होती, हेही खरं. कंपनी ह्या बाजारातून गेली. कोणी म्हणतं दुसऱ्या बाजारात गेली, कोणी म्हणतं परवानगी मिळाली नाही. पोरग्याचं वाईट व्हावं असं मी मनापासून मागितलं होतं. झालं का, मला ठाऊक नाही. झालं असेल तर मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

तिचा खरा आवाज डोक्यात परत आला का, असं लेक विचारते. एकदा आला. मागच्या महिन्यात शेजारणीच्या पाण्यावरून पाय घसरला, मी गोणीवर आदळलो, आणि आदळता आदळता ऐकू आलं, "डोळे काय धक्क्यावर ठेवून आलास?" तिचाच. फाटका, जाडा, मधे श्वास न घेता. अगदी डोक्याच्या मागे. मी तसाच पडून राहिलो, परत येतो का बघत. परत आला नाही.

उठलो तेव्हा शेजारीण माझ्याकडेच बघत होती. हे सांगावं असं माणूस बाजारात ती एकटीच. तिलाच कळलं असतं, की हो, हाच, असाच बोलायची. माझं तोंड उघडलं होतं. तिने मान फिरवली आणि पाण्याची बादली पलीकडच्या बाजूला ओतली.

तिच्या गोणी संपल्या, मधे उन्हाळ्यात मी भरलेला माल आता अर्धी गोणी राहिलाय. तो संपला की मी बाजारात यायचं कारण नाही. लेक म्हणते, जा, माफी मागा, दोन शब्द तर आहेत. मागणार नाही. केलं ते बरोबरच केलं. फक्त शेजारणीला "तू कोण" असं विचारलं, ते चूक होतं. तिला वाचता येत नाही. कोणी हे तिला वाचून दाखवणार असेल, तर एवढा भाग जरा मोठ्याने वाचा. बाजारात गलका असतो.